आवडलेला सिनेमा आणि मध्येच उठून गेलेली भाची

पुण्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा गोषवारा इथे देते.

त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत, नोकरी करतात आणि सोसायटीतल्या दहा-बारा जणांबरोबर महिन्यातून एकदा एकत्र सिनेमा बघतात. त्यांच्या बहिणीच्या धाकट्या मुलाने गेल्या वर्षी घरी सांगितलं, की मी मुलगी आहे. वय २३. बहिणीने बोलणं जवळपास टाकलंच. मावशीचं घर मात्र उघडं राहिलं. दिवाळीत भाचीला पहिली साडी मावशीनेच नेसवली. मग एका रविवारी मावशीने तिला स्वतःला फार आवडलेला ‘सुपर डिलक्स’ हा तमिळ सिनेमा दाखवला. पोलिसाचा प्रसंग सुरू झाला तशी भाची उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. निघताना एवढंच म्हणाली, “मावशी, तिला साडी नेसताना सगळे बघत बसतात गं. मी नेसत होते तेव्हा तू खाली बसून निऱ्या धरल्या होत्यास.” त्यानंतर तीन आठवडे तिचा फोन नाही. तिची एक साडी फॉल-पिकोसाठी मावशीकडेच राहिली आहे.

गटातल्या मंडळींचं म्हणणं, “वास्तव आहे ते, दाखवलं तर बिघडलं कुठे? इतकं हळवं होऊन कसं चालेल?” बहिणीचं म्हणणं, “असले सिनेमे दाखवूनच तू तिचं डोकं फिरवलंस.” आणि हा सिनेमा पुढच्या महिन्यात गटात दाखवायचं आधीच ठरलेलं आहे. मावशी विचारतात: मला हा सिनेमा आवडला, यात माझं चुकलं का? तो चांगला की वाईट, हे एकदा कुणीतरी सांगा. गटात दाखवू की रद्द करू?

*

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग सिनेमाही पुन्हा बघितला, तीन तासांना चार मिनिटं कमी, सलग. निकाल मागितलात, पण तो मी देणार नाही. तुमच्या मनात आत्ता जे आहे, म्हणजे आवडलाय आणि खुपतोयही, ते मला गोंधळाचं लक्षण वाटत नाही. या सिनेमाबद्दल माझंही तेच आहे. तुम्हाला वाटतंय की दोन्हींपैकी एक भावना खोटी असली पाहिजे, ती शोधून काढून टाकली की सुटलो. मला वाटतं दोन्ही खऱ्या आहेत. कुठे काय आवडलं आणि कुठे काय खुपलं, हे नेमकं सांगता येतंय का, एवढंच बघायचं.

ज्या वाचकांनी सिनेमा बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिग्दर्शक त्यागराजन कुमारराजा, प्रदर्शन मार्च २०१९. एकमेकांत गुंतलेल्या चार गोष्टी. वेंबू नावाची विवाहित तरुणी जुन्या प्रियकराला घरी बोलावते आणि तो पलंगावरच मरतो. मग ती आणि तिचा नवरा मिळून प्रेताची विल्हेवाट लावायला निघतात. काही शाळकरी पोरं चोरून निळी फिल्म लावतात आणि त्यातल्या एकाला पडद्यावर स्वतःची आई दिसते. त्सुनामीतून वाचल्यावर कट्टर श्रद्धाळू झालेला एक बाप आहे. आणि शिल्पा. बायको आणि तान्हं मूल सोडून गेलेली व्यक्ती काही वर्षांनी शिल्पा होऊन त्याच घरी परत येते. (तिचं आधीचं नाव सिनेमात आहे, मी ते लिहीत नाही.) बर्लिन नावाचा एक पोलीस यातल्या दोन गोष्टींत घुसतो आणि दोन्हीकडे लैंगिक जबरदस्ती करतो, वेंबूवर आणि शिल्पावर.

आता आधी तुम्हाला काय आवडलं ते बघू, कारण त्याची तुम्हाला लाज वाटायला लागली आहे आणि ती वाटायचं कारण नाही.

हा सिनेमा आला तेव्हाचा काळ आठवा. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध बाहेर काढले. तीनच आठवड्यांनी, २७ सप्टेंबरला, व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द झालं. देशभर घराघरांत या गोष्टींवर कुजबूज चालू होती आणि सहा महिन्यांत एका तमिळ सिनेमाने ती कुजबूज मोठ्याने बोलून दाखवली. लीलाचा, म्हणजे त्या पोराच्या आईचा, प्रसंग घ्या. दवाखान्यात मुलाशी बोलताना ती म्हणते त्याचा आशय असा: असल्या फिल्म लाखो लोक बघतात, काम करणारे मोजके; बघणाऱ्यांना कुणी काही म्हणत नाही, नाव आमच्याच पाठीला चिकटतं. रम्या कृष्णन यांनी ते रडतभेकत नाही, घरातला हिशेब सांगावा तसं सांगितलं आहे. आपल्याकडे तमाशातल्या बाईला जे पिढ्यान्‌पिढ्या सोसावं लागलं, ते ज्याला ठाऊक आहे त्या मराठी माणसाला हे आतपर्यंत लागणारच. तुम्हाला लागलं. बरोबर लागलं.

शिल्पाच्या गोष्टीत तिचा लेक रासुकुट्टी तिला शेवटपर्यंत ‘अप्पा’ म्हणतो. तू बाई हो की बाप्या हो, पण आमच्याबरोबर राहा, अशा अर्थाचं तो बोलतो तेव्हा तुम्ही रडलात, असं लिहिलंय. तुमच्या स्वतःच्या घरात गेलं वर्षभर जे कुणीच म्हणालं नव्हतं, ते एका पोराच्या तोंडून ऐकलंत. रडू येणारच. हे वाक्य तुमच्या बहिणीने ऐकावं, असंही तुम्हाला आतून वाटलं असेल.

पण तेच वाक्य भाचीच्या जागी बसून ऐका. तिला वर्षभर धडपडून ‘ताई’ म्हणवून घ्यायचंय, आणि पडद्यावरचं सगळ्यांत प्रेमळ पात्रसुद्धा ‘अप्पा’च म्हणतंय. लहान मुलाला ते माफ आहे, सिनेमालाही कदाचित असेल. पण ती गोष्ट मुख्यतः घर सोडून गेलेल्या नवऱ्याची आणि परत आलेल्या बापाची आहे. शिल्पा म्हणून तिला काय हवंय, इतकी वर्षं ती कुणाबरोबर हसली-बोलली, कुणी तिला आसरा दिला, यातलं फार थोडं आपल्याला कळतं. तुमच्याही पत्रात तीन ठिकाणी ‘तो’ लिहून खोडलेलं दिसतंय. खोडलंत, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

भाचीचं साडीबद्दलचं बोलणं तर माझ्या डोक्यातून जातच नाहीये. शिल्पा आरशासमोर साडी नेसते तो प्रसंग मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही तो सुंदर वाटला होता. संथ, न बोलता, एकेक वेढा. यावेळी बघताना मी स्वतःकडे लक्ष ठेवलं. मी काय करत होते? बघत होते. तिच्या बायकोबरोबर मीही बघत होते, की आता हे शरीर काय करतं. साडी नेसणं ही तर आपल्याकडची किती रोजची, घाईची गोष्ट! तोंडात पिन धरलेली, पदर मोजायचा, परकराची नाडी घट्ट करायची, आणि निऱ्या खालून नीट यायला कुणाला तरी हाक मारायची, “अगं, जरा धर ना.” धरणारी बाई जमिनीवर बसते. तिला वर बघायला वेळ नसतो, तिचं सगळं लक्ष काठ सरळ येतोय का याच्याकडे असतं. तुमच्या भाचीने २३ वर्षांत पहिल्यांदा जो अनुभव घेतला, तो कुणीही टक लावून न बघण्याचा होता. कितीतरी समीक्षा मी वाचल्या असतील, पण या सिनेमाबद्दल इतकं अचूक मला कुणी सांगितलेलं नाही. ते तुम्हाला टोचायला म्हणाली असं तुम्ही धरून चालला आहात. मला तर ते वाक्य पुन्हा वाचताना वाटलं, की ती तुम्हाला सिनेमापेक्षा वरचढ ठरवून गेली.

आता गटातल्या मंडळींचं ‘वास्तव आहे ते’.

हो, पोलीस ठाण्यात असं घडतं. तृतीयपंथी माणसांनी स्वतः लिहिलेल्या आत्मकथनांत ते आहेच. पण ‘घडतं’ एवढ्याने प्रश्न मिटत नाही. ते कुणाच्या डोळ्यांनी दाखवलंय, किती वेळ दाखवलंय, आणि ज्याच्यावर गुदरलं त्याला पुढे काय करता येतं? सिनेमात बर्लिन मरतो तो वरून पडलेल्या एका टीव्हीने. योगायोगाने. वेंबू काही करत नाही, शिल्पा काही करत नाही. चारही गोष्टींची गाठ बसते म्हणून थिएटरात टाळ्या पडतात, पण ज्या दोघींचं शरीर पणाला लागलं होतं त्यांच्या हाती काहीच नव्हतं. मला हे वेंबूच्या बाबतीतही खुपतं. एका बाईची इच्छा, तीही लग्नाबाहेरची, सिनेमा सुरुवातीलाच बेधडक दाखवतो आणि लगेच तिच्या पलंगावर प्रेत टाकतो. पुढचा सगळा वेळ ती निस्तरत राहते. धाडस आणि शिक्षा एकाच दमात.

आणि आता ज्या गोष्टीकडे तुमच्या गटात कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही ती. शिल्पा एका अनोळखी माणसाला कबुली देते, की कळत-नकळत आपण पूर्वी मुलं पळवण्याच्या प्रकारात सामील झालो आणि त्या मुलांना पुढे भिकेला लावलं गेलं. दिग्दर्शकाला बहुधा हे सांगायचं होतं की तीही आपल्यासारखीच, पापपुण्याचं ओझं वाहणारी. हेतू समजतो. पण ‘हिजडे पोरं पळवतात’ ही अफवा आपण लहानपणापासून ऐकत आलोय. दुपारी न झोपणाऱ्या पोरांना हीच भीती घातली जायची. मे २०१८ मध्ये व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत असताना हैदराबादमध्ये जमावाने एका तृतीयपंथी व्यक्तीला मारून टाकलं. त्याच लाटेत १ जुलैला आपल्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना गावकऱ्यांनी ठेचून मारलं. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं आणि पडद्यावरची तृतीयपंथी बाई स्वतःच्या तोंडाने म्हणते, हो, मी त्यात होते. तामिळनाडूतल्या तृतीयपंथी कलावंत आणि कार्यकर्त्यांनी तेव्हाच या भागावर कडक टीका केली होती. तुम्हाला तो संवाद म्हणजे एका पात्राचा पश्चात्ताप वाटला असेल. तुमच्या भाचीला बसथांब्यावर उभं राहताना त्या अफवेसकट उभं राहावं लागतं.

हे तामिळनाडूत व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. २००८ मध्ये तृतीयपंथीयांसाठी वेगळं कल्याण मंडळ काढणारं ते राज्य. शिव्यांच्या जागी ‘तिरुनंगै’ हा आदराचा शब्द तिथे सरकारी कागदापासून वर्तमानपत्रापर्यंत रुजवला गेला. लिव्हिंग स्माइल विद्या या तृतीयपंथी कलावंताचं आत्मकथन तमिळमध्ये तेव्हाच येऊन गेलेलं. त्यावरून कन्नडमध्ये सिनेमाही झाला. म्हणजे विचारायला माणसं होती, वाचायला पुस्तकं होती.

तुमच्या गटातल्या एका काकांनी बालगंधर्वांचा दाखला दिला, असं लिहिलंत. “पुरुषाने बाईचं काम करण्याची आपली तर परंपरा आहे, मग विजय सेतुपतीने शिल्पा केली तर काय झालं?” काकांचं नाट्यसंगीताचं प्रेम मी समजू शकते, माझंही आहे. पण बालगंधर्व सुभद्रा आणि रुक्मिणी करत होते तेव्हा घरंदाज बाईला रंगभूमीवर पाऊल टाकायची सोय नव्हती. तिचा शालू, तिची नथ, तिचं चालणं सगळं रंगमंचावर होतं, बायका बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब उचलत होत्या, फक्त ती स्वतः तिथे नव्हती. आज तृतीयपंथी कलावंताचं नेमकं तसंच झालंय. आणि कलावंत मिळत नाहीत म्हणावं, तर २०१६ च्या ‘धर्मदुरै’मध्ये जीवा सुब्रमण्यम या तृतीयपंथी अभिनेत्रीने विजय सेतुपतींबरोबरच काम केलं होतं. ‘सुपर डिलक्स’च्या आधी दोनच महिने आलेल्या ‘पेरन्बु’त अंजली अमीर होत्या. सेतुपतींचं काम उत्तम आहे, त्यांना त्यासाठी सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, आणि ते मी कबूल करते. तरीही ती जागा दुसऱ्या कुणाची असू शकली असती, हेही खरं राहतंच.

बहिणीचं काय? मला वाटतं तुमची खरी अडचण इथे आहे. तुम्ही सिनेमावर टीका केलीत की ताई म्हणणार, “बघ, मी सांगत नव्हते?” म्हणून तुम्ही तो जास्तच जोरात उचलून धरताय. तसं करू नका. ताईंचा आक्षेप आहे की अशा माणसांना पडद्यावर दाखवलंच का. भाचीचा आक्षेप आहे की आम्हाला असं का दाखवलं. दोघींनाही सिनेमा नको आहे म्हणून त्या एका बाजूला जात नाहीत. ताईंना हे वाद घालून पटणार नाही, तेव्हा सिनेमाचा विषय त्यांच्याकडे काढूच नका. ‘डोकं फिरवलंस’ला मात्र उत्तर द्या आणि ते एकदाच, शांतपणे द्या: मी सिनेमा दाखवायच्या आधीपासून ती अशीच आहे, तू तिला विचारून बघ.

आता गटाचं. माझ्याकडे असे प्रश्न हल्ली वरचेवर येतात, महाविद्यालयातल्या फिल्म क्लबचे, वाचनकट्ट्यांचे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. रद्द करणं सोपं आहे, पण मग गटात ‘कुणाच्या तरी भाचीला लागलं म्हणून’ एवढंच उरेल आणि भाचीवर उगाच भार येईल. दाखवायचा तर काय आहे ते आधी सांगून दाखवा: यात दोन ठिकाणी पोलिसाकडून लैंगिक जबरदस्ती आहे, मुलं पळवण्याची कबुली आहे, ज्यांना नको त्यांनी खुशाल उठावं, कुणी कारण विचारणार नाही. गटात कुणावर काय गुदरलंय हे तुम्हाला माहीत नसतं. बायकांवरही. सिनेमानंतर चहा-पोहे आणि पांगापांग असं करू नका, तासभर बोला, आणि मुलं पळवण्याचा भाग तुम्ही स्वतः काढा. राईनपाड्याचं नाव घेतलंत की विषय तमिळ राहणार नाही. एखाद्या तृतीयपंथी व्यक्तीला बोलायला बोलवावंसं वाटलं तर पुण्या-मुंबईत या क्षेत्रात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्यामार्फत बोलवा, येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन द्या. भाचीला ते काम सांगू नका. ती तुमची भाची आहे, तिने सगळ्यांना शिकवत बसावं असं काही नाही.

यापेक्षा मी तर एक करून बघेन. त्या महिन्यात सिनेमाच्या ऐवजी पुस्तक घेईन. वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेलं लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ मराठीतच आहे. तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांच्या कविता आहेत. आधी ते मिळून वाचावं आणि मग पुढच्या महिन्यात सिनेमा लावावा. एकदा त्या माणसांचा स्वतःचा आवाज कानात बसला, की पडद्यावर तो कुठे आहे आणि कुठे नाही हे आपोआप ऐकू येतं.

राहिली भाची. सिनेमा आवडल्याबद्दल तिची माफी मागू नका, तिला ती नको असणार, आणि मग तुमचीच समजूत काढत बसावं लागेल तिला. माफी एकाच गोष्टीची मागा: पोलिसाचा प्रसंग येतोय हे मला माहीत होतं आणि मी तुला आधी सांगितलं नाही. बस. ती का उठली हे खोदून विचारू नका. तिच्यावरही असं काही गुदरलं असेल, नसेलही. कंटाळा आला म्हणूनही माणूस उठतो. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. उरलेला सिनेमा बघायचाय का, हे एकदा विचारायला हरकत नाही, आणि ‘नाही’ म्हणाली तर तो विषय तिथेच ठेवा.

तीन आठवडे फोन नाही, असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही केलात का, ते मात्र लिहिलेलं नाही. साडीचं फॉल-पिको एव्हाना होऊन आलं असेल. फोन करायला तेवढं निमित्त पुरे आहे: साडी तयार आहे, कधी येतेस? मॅचिंग परकर आहे का तुझ्याकडे, की मी आणून ठेवू?